नाताळ, नभोवाणी आणि आमची ओसरी

आमच्या परभणीच्या घरांत नाताळ कधींहि साजरा झाला नाहीं. तरी माझ्या बाळपणांतील दिवसांपैकीं दिवाळीच्या खालोखाल जो दिवस मनांत ठसून राहिला आहे, तो पंचवीस डिसेंबरचा होय. हें वाचून वाचकांस किंचित् नवल वाटेल. घर सोंवळेंओंवळें पाळणाऱ्या देशस्थाचें, गांव मराठवाड्यांतलें, राज्य निजामाचें, आणि सण ख्रिस्तजन्माचा! या चार गोष्टी एका ओसरीवर आणून बसविल्या त्या एका लांकडी पेटीनें. त्या पेटीची हकीकत सांगावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें. नभोवाणीचा इतिहास आजवर अनेकांनीं लिहिला आहे. पण तो बहुधा केंद्रांचा, लहरींचा आणि उद्घाटनाच्या तारखांचा इतिहास असतो. बोलणाराची नोंद सरकारी दप्तरांत राहते; ऐकणाराची कोठेंच राहत नाहीं. वास्तविक आमच्यासारख्या गांवीं ऐकणें ही सोपी गोष्ट नव्हती. यंत्र कोणाचें, तें लावावयाचें कोणीं, कोणासाठीं, आणि त्यापुढें बसावयाचें कोणीं, हे प्रश्न आधीं सुटावे लागत. माझ्या मतें त्या काळच्या श्रवणाचा इतिहास हा मुख्यतः या परवानग्यांचा इतिहास आहे.

डिसेंबर हा शब्द माझ्या लहानपणीं आमच्या घरांत क्वचितच उच्चारला जाई. परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानांत मोडत होता, आणि संस्थानच्या कचेऱ्यांत फसली सन चाले. हें वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं आजूर महिन्यानें सुरू होई. पुढें दै, मग बहमन. इंग्रजी मुलखांत जो डिसेंबर, तो तहसिलींत पेशकारी करणाऱ्या आमच्या आजोबांच्या कागदांत बहुतेक बहमन असे. देवघरांतील खुंटीवर आजीचें पंचांग, त्यांत मार्गशीर्ष. आठवड्याची सुट्टी शुक्रवारची. इंग्रजी तारखेचें काम पडे तें मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या गाडीच्या वेळापत्रकापुरतें. एकाच घरांत तीन कालगणना सुखानें नांदत होत्या, आणि तिन्हींचा हिशेब जुळविण्याची गरज कोणास भासत नव्हती.

ऋतूची खूण मात्र सर्वांस एकच होती. जोंधळ्याच्या कणसांत दूध भरलें, कीं गोवऱ्यांच्या आरावर हुरडा भाजावयाचा. आजीचें माहेर अहमदपुराकडील; तिकडे मार्गशीर्षांतील अमावास्येस येळवस म्हणतात. शेतांत कडब्याची कोपी उभारून तींत पांडव म्हणून पांच दगड मांडावयाचे, आंबिलाचा माठ, भज्जी आणि उंडे यांचा नैवेद्य दाखवावयाचा, आणि शेजारचे, वाटेवरचे, ओळखीचे-अनोळखी जे कोणी येतील त्यांस जेवूं घालावयाचें, असा तो दिवस. त्या दिवशीं जातीपातीचें बंधन शिवाराच्या हद्दीबाहेर थोडें सैल होत असे. आजी हें मोठ्या अभिमानानें सांगे; मात्र घराचा उंबरा आला कीं तीच आजी पुन्हां कडक होई. या गोष्टीकडे मी पुढें वळणार आहें.

आतां नाताळाविषयीं. हा शब्द आपणांस पोर्तुगीजांनीं दिला. गोव्यांत १५७९ सालीं आलेल्या स्टीफन्स नांवाच्या इंग्रज जेझुइट पाद्र्यानें ख्रिस्ताचें चरित्र मराठी ओव्यांत रचिलें, आणि तें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन अक्षरांत छापून निघालें. म्हणजे ख्रिस्तजन्माची कथा मराठींत नांदूं लागली त्यास चारशें वर्षें उलटून गेलीं. पुढें नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती भजनास अभंगाची आणि कीर्तनाची चाल दिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचीं ‘स्मृतिचित्रें’ तर सुशिक्षित मराठी घरांत सर्वांच्या परिचयाचीं आहेत. आमच्या बाजूचा दुवा मात्र याहून जवळचा. नारायण शेषाद्रि हे १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती झालेले देशस्थ ब्राह्मण. त्यांनीं स्कॉटलंडच्या मिशनच्या वतीनें जालना भागांत काम केलें, आणि सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल नांवाचें ख्रिस्ती गांव वसविलें. परभणीहून जालना आगगाडीच्या वाटेवर. त्या बेथेलाकडच्या एक बाई आमच्या गांवच्या सरकारी दवाखान्यांत नर्स होत्या, आणि आमच्या घरापासून चौथ्या घरांत एकट्या राहत. गल्लींतील सर्व लोक त्यांस नर्सबाई म्हणत. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळीं आईला त्यांनींच सुखरूप सोडविलें होतें.

नर्सबाईंच्या घरीं नाताळांत बांबूच्या कांबीची आणि रंगीत कागदाची चांदणी लागे; ती आमच्या आकाशकंदिलाची सख्खी बहीण शोभावी अशी. फराळहि तोच : करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू. केक म्हणून जो पदार्थ आज नाताळाशीं जोडला जातो, तो मीं परभणींत त्या काळीं पाहिल्याचें आठवत नाहीं.

नभोवाणी आणि नाताळ यांचें नातें जगांत फार जुनें मानितात. अमेरिकेंतील फेसेंडेन नांवाच्या शास्त्रज्ञानें १९०६ सालीं २४ डिसेंबरच्या रात्रीं मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरून फिडल वाजविलें, बायबलांतील वचनें वाचिलीं, आणि समुद्रावरील जहाजांत तारायंत्राची कडकट ऐकत बसलेल्या लोकांच्या कानांत एकाएकीं गाणें शिरलें, अशी कथा पुस्तकापुस्तकांतून उतरत आली आहे. कथा गोड आहे. पण ती फेसेंडेननें स्वतः १९३२ सालीं, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, एका पत्रांत लिहिली. त्या काळच्या जहाजांच्या दैनंदिनींत किंवा वर्तमानपत्रांत तिचा पुरावा संशोधकांस सांपडलेला नाहीं. म्हणून मी ती पुराणकथांच्या पंक्तींत बसवितों. निर्विवाद घटना त्याच १९३२ सालची आहे. लंडनच्या बी.बी.सी.नें १९ डिसेंबरला साम्राज्यासाठीं लघुलहरींवरील प्रक्षेपण सुरू केलें, आणि सहा दिवसांनीं, नाताळच्या दुपारीं, पंचम जॉर्ज बादशहानें सँड्रिंगहॅमच्या वाड्यांतून भाषण केलें. भाषण लिहून दिलें होतें रुडयार्ड किपलिंगनें. वेळ दुपारीं तीनची निवडली, कारण त्या वेळीं साम्राज्याच्या अधिकांत अधिक भागांत लघुलहरी चांगल्या पोहोंचत. लंडनचे तीन म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेआठ. हिंदुस्थानांतील पुष्कळ घरांत नाताळ शिरला तो या साडेआठच्या ठोक्याबरोबर.

हिंदुस्थानांत मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं उघडलें. तें चालविणारी कंपनी १९३० सालीं बुडाली, सरकारनें काम हातीं घेतलें, आणि १९३६ च्या जूनमध्यें त्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. हैदराबादेस एका खासगी हौशी माणसानें चालविलेलें केंद्र निजाम सरकारनें १९३५ सालीं आपल्याकडे घेतलें. पुढें औरंगाबादेसहि संस्थानचें केंद्र झालें. तेथें मुख्य मान उर्दूचा. तेलुगु, मराठी आणि कन्नड यांस वेळेचे तुकडे मिळत. ज्या राज्यांत बहुसंख्य प्रजेची भाषा शाळेंत आणि न्यायकचेरींत मागल्या दारानें वावरत होती, तेथें सरकारच्याच तोंडून आपली भाषा पाऊण तास ऐकूं यावी, याचें आमच्या वडीलधाऱ्यांस केवढें अप्रूप वाटे, हें आजच्या वाचकांस सांगून कळणें कठीण आहे.

आमच्या गल्लींत नभोवाणीचें यंत्र एकच होतें, आणि तें वकीलसाहेबांच्या घरीं. वकीलसाहेब मुसलमान; उर्दू-फारशीचे जाणते आणि आजोबांचे बुद्धिबळाचे सोबती. पेटी सागवानी रंगाची, पुढें कांचेची पट्टी, आणि तिच्यावर लंडन, कोलंबो, दिल्ली, मुंबई अशीं नांवें रोमन अक्षरांत. यंत्र विजेवर चालणारें नव्हतें. त्यास मोटारीची बॅटरी लागे. ती उतरली कीं गड्याच्या डोक्यावरून मोटारस्टँडाजवळच्या दुकानांत भरावयास पाठवावी लागे, आणि मग दोन दिवस पेटी मुकी राही. घराच्या धाब्यावर दोन वासे रोवून त्यांमध्यें तांब्याची तार ताणलेली. दुसरी तार अंगणांत जमिनींत पुरलेली, आणि ती जमीन ओली राहावी म्हणून घरांतील कोणी तरी तीवर रोज तांब्याभर पाणी ओतीत असे. वृंदावनास पाणी घालणें आणि रेडिओच्या तारेस पाणी घालणें हीं दोन्ही कामें एकाच गल्लींत, एकाच वेळीं चालत. अशा स्थितींत ऐकण्याची चैन कोणी करीत नसे. बॅटरी हें धन होतें. बातम्या आणि मोजकें गाणें झालें कीं खटका बंद. तरीहि नाताळच्या रात्रीं वकीलसाहेबांच्या बेगमसाहेबा नर्सबाईंस मुद्दाम बोलावीत, आणि जनान्याच्या बाजूस बसवून लंडन लावून देत. हें आम्हांस फार उशीरा कळलें.

१९४८ सालचा पावसाळा कसा गेला, तें मराठवाड्यांतील माझ्या वयाच्या माणसांस सांगावयास नको. रझाकारांच्या भयानें अनेक कुटुंबें सरहद्द ओलांडून वऱ्हाडाकडे आणि नगराकडे निघून गेलीं होतीं. आजोबा नोकरीमुळें आणि कांहीं अंशीं हट्टामुळें राहिले. आमच्या दारावर त्या दिवसांत कोणी चाल करून आलें नाहीं, याचें श्रेय ते जन्मभर वकीलसाहेबांना देत असत. रात्रीं दारें लावून, आवाज अगदीं बारीक करून, दोघे वृद्ध दिल्लीच्या बातम्या ऐकत. एकास त्या हव्या होत्या आणि दुसऱ्यास त्यांची धास्ती होती. पण कान दोघांचेहि एकाच जाळीला लागलेले. १३ सप्टेंबरला हिंदी फौजा संस्थानांत शिरल्या आणि १७ तारखेस सायंकाळीं शस्त्रें खालीं ठेवल्याची घोषणा हैदराबादच्या नभोवाणीवरून झाली. ती घोषणा आजोबांनीं वकीलसाहेबांच्याच बैठकींत ऐकली. घरीं आले ते आनंदी होते. परंतु पेढे वांटावे म्हणून काका निघाले तेव्हां, “आज शेजारीं नको,” इतकेंच ते बोलले.

यानंतरच्या आठवड्यांविषयीं मराठी लेखनांत फार थोडें सांपडतें. रझाकारांनीं केलेले अत्याचार आपण लिहून ठेविले, आणि तें योग्यच झालें. पण फौजा आल्यानंतर खेड्यापाड्यांतील निरपराध मुसलमानांवर जें गुदरलें, तें लिहितांना आपली लेखणी अडखळली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें नोव्हेंबरच्या अखेरीपासून २१ डिसेंबर १९४८ पर्यंत संस्थानांत हिंडून अहवाल केला. मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार असावी, असा समितीचा अंदाज. सर्वांत अधिक हानि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आमच्या शेजारचा नांदेड या चार जिल्ह्यांत. तो अहवाल कित्येक दशकें लोकांपुढें आला नाहीं. नभोवाणीनेंहि त्याविषयीं मौन धरिलें. जी पेटी सातासमुद्रांपलीकडचें ऐकवीत होती, तिला वीस कोसांवरचें ऐकूं येत नव्हतें.

वकीलसाहेबांनीं ऑक्टोबरांत परभणी सोडली. प्रथम हैदराबाद, मग कराची. निघण्याच्या आदल्या रात्रीं ते गड्याकडून पेटी, बॅटरी आणि गुंडाळलेली तार घेऊन आमच्या ओसरीवर आले. “पंतजी, इसे अमानत समझिए,” म्हणाले. आजोबांनीं पेटी माजघराच्या कोनाड्यांत ठेवली, तीवर धुतलेलें उपरणें घातलें, आणि मागील फळीवर मोडी अक्षरांत एक चिठी चिकटविली. घरांतील मुलांस ताकीद मिळाली, कीं पेटीस हात लावावयाचा नाहीं. त्या वर्षीं खंडेनवमीस घरांतील हत्यारें-अवजारें मांडलीं तेव्हां पेटी अजून आली नव्हती. पुढच्या वर्षीं काकांनीं तीहि पूजेंत मांडली, तर आजोबांनीं उचलून परत कोनाड्यांत नेली. “परक्याच्या वस्तूवर आपली हळद नको.” हा त्यांचा न्याय.

असे अडीच महिने पेटी मुकी राहिली. मग २५ डिसेंबर आला. पंचांगाप्रमाणें शके १८७० च्या मार्गशीर्षाचा वद्य पक्ष. येळवस पांच दिवसांवर. कडाक्याची थंडी होती, आणि आजोबा ओसरीवर शेगडीजवळ बसले होते. दिवेलागणीनंतर नर्सबाई आल्या. हातांत रुमालानें झांकलेलें ताट. जोत्याखालींच उभ्या राहून म्हणाल्या, “आबासाहेब, वकीलसाहेबांच्या घरीं या रात्रीं मला लंडनचं प्रार्थनासंगीत ऐकायला मिळायचं. पेटी आपल्याकडे आहे असं समजलं.”

आजोबा म्हणाले, “बाई, पेटी आमची नव्हे. ठेव आहे ती. आम्हीसुद्धां लावलेली नाहीं.”

“ठाऊक आहे मला. पण बेगमसाहेबा असत्या तर त्या नाहीं म्हणाल्या नसत्या.”

आजोबा बराच वेळ बोलले नाहींत. हा युक्तिवाद त्यांस कायद्याच्या दृष्टीनें तपासून पाहावासा वाटला असावा. पेशकारींत आयुष्य गेलेलें. शेवटीं म्हणाले, “मग त्यांच्याच परवानगीनं ऐका.”

काकांनीं धाब्यावर चढून तार ताणली. बॅटरी महिनोन्महिने पडून होती. पेटींतील दिवा मंद तांबूस लागला आणि काचपट्टीवरील अक्षरें कशींबशीं दिसूं लागलीं. तिच्यांत किती जीव उरला आहे हें कोणास सांगतां येईना. म्हणून आजोबांनीं ठरविलें, कीं सुई इकडेतिकडे फिरवावयाची नाहीं, सरळ लंडन. प्रथम समुद्रासारखी घरघर, मग लांबून घंटा, मग पुष्कळ माणसें एका सुरांत गात असल्याचा आवाज. तो मध्येंच दूर जाई, पुन्हां जवळ येई. नर्सबाई जोत्याच्या पायरीवर घोंगडीवर बसल्या होत्या. त्यांचे ओंठ हालत होते, पण आवाज काढीत नव्हत्या. साडेआठ वाजतां राजा बोलूं लागला. हा सहावा जॉर्ज. हिंदुस्थानचें बादशहापद त्यानें त्याच वर्षीं सोडलें होतें, तरी देश प्रजासत्ताक होईपर्यंत कागदोपत्रीं राजा तोच. तो एकेक शब्द चांचपडत, थांबत थांबत बोले. मी सात वर्षांचा; मीं विचारलें, “हा एवढा अडखळतो कां?” नर्सबाई म्हणाल्या, “राजा आहे तो, बाळा.” त्यावर आजोबा म्हणाले, “म्हणूनच त्याला थांबतां येतं.” भाषण संपण्यापूर्वींच दिवा विझला आणि पेटी गप्प झाली. कोणी कांहीं बोललें नाहीं. नर्सबाईंनीं ताट जोत्यावर ठेवलें, आजोबांस नमस्कार केला, आणि गेल्या.

ताटांत करंज्या होत्या. आजीनें त्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं गडीमाणसांस वांटून टाकल्या, आणि ताट चिंचेनें घासून, त्यांत तिळाचे लाडू घालून परत पाठविलें. ज्या बाईच्या हातांनीं आपली नात जगांत आली, तिच्या हातची करंजी घरांत चालत नाहीं, ही विसंगति तिच्या ध्यानांत आली नसेल असें मी म्हणत नाहीं. तिला ती सोडवितां आली नाहीं. माझीहि वृत्ति त्या वेळीं कांहीं निराळी नव्हती. मला करंजी मिळाली नाहीं याचेंच दुःख अधिक झालें होतें.

यापुढें दरवर्षीं नाताळच्या रात्रीं नर्सबाई येत. पेटी लावण्याविषयीं आजोबांनीं कराचीस पत्र घातलें होतें. उत्तर आलें तें आजोबांनीं आम्हां सर्वांस वाचून दाखविलें. त्यांत भावनेचा एकहि शब्द नव्हता. यंत्र चालतें ठेवा, बंद ठेवल्यानें त्याची नासाडी होते, बॅटरींत पाणी कमी पडूं देऊं नका, इतकाच मजकूर. तेव्हांपासून पेटी ओसरीवर आली, आणि सरकारचा ठराविक परवाना टपालकचेरींतून आजोबांच्या नांवें निघूं लागला. घराचा दिवस हळूहळू तिच्याभोंवतीं बांधला गेला. सकाळच्या बातम्यांच्या आंत पाणी तापलें पाहिजे, रात्रीच्या बातम्यांपूर्वीं पानें वाढलीं पाहिजेत, असे नियम आपोआप पडले. शुक्रवारची सुट्टी जाऊन रविवार आला, बहमन जाऊन डिसेंबर आला. दप्तरांत हा बदल हुकुमानें झाला, पण घरांत तो घडविला निवेदकाच्या आवाजानें. तो रोज तारीख सांगे, आणि आजी पंचांगाशीं ताडून पाही.

बायकांचें ऐकणें निराळें. त्या माजघराच्या दाराआड बसत. पेटी त्यांच्याकडे पाठ करून असे, त्यामुळें गाणें त्यांस नेहमीं मागून ऐकूं येई. आईला सुई फिरवितां येते हें आम्हांस १९५३ च्या सुमारास, आजोबा परगांवीं गेले असतां, प्रथम कळलें. आणि ती इतक्या सराईतपणें कोलंबोवर आली, कीं हा प्रयोग पहिला नसावा, अशी शंका काकांनीं बोलून दाखविली. त्या वेळीं नभोवाणीमंत्री केसकर हे मराठी गृहस्थच. त्यांनीं सिनेमाच्या गाण्यांस सरकारी केंद्रांवर आळा घातला, आणि सारा देश सिलोनकडे धांवला. आमच्या घरांत या राष्ट्रीय वादाचा निकाल बॅटरीच्या हिशेबानें लागे : बुधवारीं बिनाका गीतमाला ऐकली, तर गुरुवारच्या गायनास कात्री.

दूरचीं केंद्रें रात्रींच कां लागतात, हें कोडें मला फार दिवस होतें. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत थोड्या अंतरापर्यंतच पोहोंचतात. रात्रीं आकाशांतील विद्युद्भारित थरावरून त्या परततात आणि शेंकडों कोसांवर उतरतात. म्हणून मुंबई-पुण्याचीं मराठी केंद्रें आम्हांस दिवसा परकीं आणि रात्रीं शेजारचीं वाटत. लघुलहरी त्या थराच्या भरंवशावर पृथ्वीला वळसा घालतात. म्हणूनच आमच्यासाठीं शुद्ध, खणखणीत मराठीचें एक ठिकाण चक्क लंडन होतें. बी.बी.सी.नें महायुद्धांत, १ मार्च १९४२ रोजीं, मराठी प्रक्षेपण सुरू केलें होतें. त्या काळीं जॉर्ज ऑर्वेल हा प्रसिद्ध लेखक तेथें पूर्वेकडील विभागांत काम करी. त्यानें इंग्रजींत लिहिलेलें युद्धवृत्त मराठींत वाचून दाखविणारांत वेणू चितळे या कोल्हापूरकडच्या बाई होत्या. आजोबा त्या आवाजाची आठवण काढीत, आणि लंडनहून देखील बाईमाणसानें अशी स्वच्छ मराठी बोलावी, असें आमच्या आत्यांस ऐकवीत. १९५८ सालीं, नेमक्या २५ डिसेंबरला, हें मराठी प्रक्षेपण बंद झालें. नर्सबाई त्या रात्रीं आल्या होत्या, परंतु त्यांचें लक्ष इंग्रजी प्रार्थनेकडे. मराठी गेल्याचें आमच्या ध्यानांत आलें तें पुढच्या आठवड्यांत, नेहमींच्या जागीं सुई नेऊनहि नुसती घरघर ऐकूं आली तेव्हां. आजोबांनीं तीन दिवस तार तपासविली. (हीच संस्था २०१७ सालीं २ ऑक्टोबरला मराठींत पुन्हां अवतरली, परंतु ती इंटरनेटवर, लहरींवर नव्हे. आजोबांच्या तारेस ती सांपडली नसती.)

त्या वर्षीं आणखी एक गोष्ट झाली. आजीनें ताटांतली एक करंजी मोडून अर्धी माझ्या बहिणीच्या आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. आम्ही मोठीं झालों होतों. कोणी त्यावर भाष्य केलें नाहीं. तिनें स्वतः ती कधींच खाल्ली नाहीं.

१९६१ चा नाताळ आमच्या ओसरीवरील शेवटचा. डिसेंबरच्या त्या आठवड्यांत पेटी क्षणभरहि बंद नव्हती, कारण तोंवर घरांत वीज आली होती आणि कारागिरानें, अर्थात् कराचीची संमति आल्यावर, यंत्र विजेवर चालेलसें केलें होतें. गोव्यांत पोर्तुगीजांचें नभोवाणी केंद्र होतें. आणि त्यास उत्तर म्हणून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनीं २५ नोव्हेंबर १९५५ पासून सरहद्दीवरील जंगलांतून कोंकणी व पोर्तुगीज भाषांत गुप्त केंद्र चालविलें होतें. १८ डिसेंबरला बांबोळीचें पोर्तुगीज केंद्र विमानांनीं निकामी केलें; १९ तारखेस पोर्तुगीज शरण आले. सहाच दिवसांनीं गोव्याचा नाताळ. पणजीचें आकाशवाणी केंद्र ९ जानेवारी १९६२ ला सुरू झालें. म्हणजे ज्या भूमीनें आपणांस नाताळ हा शब्द दिला, तिचा मुक्तीनंतरचा पहिला नाताळ स्वतःच्या नभोवाणीवांचून गेला. नर्सबाई त्या रात्रीं आल्या, तों आजोबांनीं आपण होऊन त्यांस विचारलें, “बाई, आतां गोव्यांतल्या देवळांत प्रार्थना कोणत्या भाषेंत होईल?” नर्सबाई म्हणाल्या, “आमच्याकडे मराठींत होते, आबासाहेब. तिकडचं तिकडे.” आणि त्या प्रथमच पायरी सोडून ओसरीवर, सतरंजीच्या कडेला बसल्या. बस म्हणून कोणी म्हटलें नाहीं, आणि ऊठ म्हणूनहि कोणी म्हटलें नाहीं. आजी आंत होती, तिनें पाहिलें.

पुढच्या उन्हाळ्यांत नर्सबाई नोकरींतून मोकळ्या झाल्या आणि जालन्यास गेल्या. १९६५ त आजोबा वारले. कराचीचीं पत्रें त्याच वर्षीं थांबलीं. दोन्ही देशांत युद्ध झालें, आणि मग टपाल सुरू झालें तरी तिकडून कोणी लिहिलें नाहीं. आम्ही दोन पत्रें घातलीं, उत्तर नाहीं.

१९६८ सालीं परभणीसच आकाशवाणीचें केंद्र झालें. तोंपर्यंत घरोघर ट्रान्झिस्टर आले होते, आमच्याहि घरीं एक होता. परंतु आपल्या गांवाचा आवाज प्रथम जुन्या पेटींतून ऐकावा, असें मला वाटलें. काचपट्टीवर परभणी हें नांव अर्थातच नव्हतें. सुई हळूहळू सरकवीत गेलों तों दोन परक्या शहरांच्या नांवांमध्यें, कोऱ्या जागेवर, एकाएकीं अगदीं शेजारच्या खोलींत कोणी बोलावें तसा आवाज आला. धाब्यावरची तार काढून टाकली तरी चालला असता, इतका जवळून. आई माजघरांतून बाहेर येऊन पेटीच्या समोर बसली.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत पेटींतील दिवे गेले आणि तसे दिवे बाजारांत मिळेनासे झाले. आज ती माझ्या खोलींत फळीवर आहे. यंदा वाळवी लागूं नये म्हणून खालीं काढून पुसली, तेव्हां मागची मोडी चिठी पाहिली. “अमानत. धनी आल्यावर स्वाधीन करणें,” आणि खालीं फसली सन १३५८. शाई पार फिकी झाली होती. घरांत मोडी वाचणारा आतां मी एकटाच. नातवाकडून शाईची दौत मागविली आणि तीं अक्षरें पुन्हां गिरविलीं.